बीथोवनची पाचवी सिंफनी षड्ज धरून कशी ऐकावी

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठी अनेक भागांत लिहिलेली रचना) ऐकताना पहिली अडचण येते ती षड्जाची, म्हणजे आधारस्वर ‘सा’ची. तो सापडत नाही; सापडला असे वाटते तोवर हललेला असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात षड्ज मुद्दाम हलवतात आणि रचनेतली ओढ मुख्यतः त्यातूनच येते. हे हलणे कानाला कळू लागले की बाकीचे पुष्कळ आपोआप उलगडते. सरावासाठी बीथोवनची पाचवी सिंफनी घ्यावी, कारण तिचे बीज चारच स्वरांचे आहे.

पेटी, तंबोऱ्याचे ॲप, हेडफोन आणि एक रेकॉर्डिंग एवढे पुरे. पूर्ण सिंफनी अर्ध्या तासाहून थोडी मोठी आहे. सुरुवातीला फक्त सात-आठ मिनिटांचा पहिला भाग ऐकावा. गाणी ऐकण्याच्या ॲपवर त्याचे नाव ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ असे दिसते. जुन्या बनावटीच्या वाद्यांवरचे रेकॉर्डिंग निवडू नये. त्यांचा सूर बहुधा आजच्या 440 हर्ट्‌झच्या मापापेक्षा उतरलेला असतो आणि तंबोरा जुळत नाही.

आधी पेटी. पांढरी एक हा षड्ज. पांढरी एक, काळी दोन आणि पांढरी पाच एकदम दाबा: सा, कोमल ग, प. हा सी मायनरचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरसमूह; पांढरी एकचे पाश्चात्त्य नाव सी. आता फक्त काळी दोन सोडून पांढरी तीन दाबा. गंधार शुद्ध झाला, सी मेजर झाला आणि रंग उजळला. मग प, शुद्ध नी आणि वरचा रे एकत्र दाबून थोडा वेळ थांबा. कान षड्जाकडे जायला अधीर होतो. ही ओढ नीट अनुभवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सगळी सिंफनी तिच्यावर उभी आहे.

पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू (आपोआप उमटणाऱ्या) गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो; सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. सप्तकाचे बारा समान भाग केल्याची ती किंमत आहे, आणि त्या बदल्यात कोणतीही पट्टी षड्ज होऊ शकते. इथवर यायला युरोपला काही शतके लागली. चर्चमधले जुने गायन एकाच ओळीचे होते. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्वीदो द’अरेत्सोने रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत बसवली. लिहिता येऊ लागल्यावर एकाच वेळी चालणाऱ्या अनेक ओळी रचणे सोपे झाले. 1722 मध्ये जर्मन संगीतकार बाखने बाराही पट्ट्यांवर मेजर आणि मायनर अशा चोवीसही प्रकारांत रचना करून दाखवल्या. पुढे संगीतकार हायडनने शंभराहून अधिक सिंफनी लिहून त्या प्रकाराला घाट दिला. तो घाट बीथोवनने घेतला आणि ताणला. पाचवी सिंफनी प्रथम वाजली ती 22 डिसेंबर 1808 रोजी, व्हिएन्नात.

आता तंबोरा पांढरी एकवर लावून पहिला भाग सुरू करा. प प प, कोमल ग. मग म म म, रे. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत सगळी तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट हे एकसुरात वाजवतात. खाली कॉर्ड नाही, त्यामुळे षड्ज कुठला हे अजून ठरत नाही. तालाची चूकही इथेच होते. पहिला आघात समेवर आहे असे समजून लोक टाळी देतात आणि पुढे हुकतात. सम रिकामी आहे; तीन छोटे आघात तिच्यानंतर येतात आणि लांब स्वर पुढच्या समेवर पडतो.

साधारण पाऊण मिनिटानंतर हॉर्न (गोल वळलेल्या नळीची पितळी फुंकवाद्ये) एकटे गरजतात. त्याच क्षणी तंबोरा काळी दोनवर न्या. नव्या षड्जाने ती हाक अशी आहे: प प प, सा, रे, खालचा प. सुरुवातीचेच तीन आघात इथे आहेत, पण षड्ज आता ई फ्लॅट (म्हणजे काळी दोन) झाला आणि सूर मेजरचा झाला. पाठोपाठ व्हायोलिन मृदू ओळ वाजवतात, आणि तिच्याखाली चेलो व बासमध्ये तोच चार स्वरांचा आघात चालू असतो. तो ऐकू येईपर्यंत ही जागा पुन्हा पुन्हा लावावी.

ही मांडणी संपली की सगळे पहिल्यापासून वाजते. रेकॉर्डिंग बिघडलेले नाही. पुनरावृत्ती बीथोवननेच लिहिली आहे. वाद्यवृंदाचे काही संचालक ती गाळतात, म्हणून मिनिटे मोजून जागा शोधू नयेत.

पुढे येतो विस्तार. इथे तंबोरा बंदच ठेवावा. षड्ज इतका भराभर सरकतो की धरू गेल्यास फक्त कर्कशपणा ऐकू येईल. फक्त एक जागा पकडा: हॉर्नच्या हाकेतून दोन स्वर उरतात, मग एकच उरतो, आणि फुंकवाद्ये व तंतुवाद्ये तो आळीपाळीने, हळू होत जाणाऱ्या आवाजात वाजवतात. आवाज फार कमी ठेवला असेल तर हा सगळा भाग हातातून निसटतो. मग अचानक पूर्ण वाद्यवृंद प प प, कोमल ग घेऊन कोसळतो. लगेच तंबोरा पांढरी एकवर लावा.

थोड्याच वेळात सगळे थबकतात आणि एकटा ओबो (सनईसारखे फुंकवाद्य) छोटीशी आलापी करतो. त्यानंतर हॉर्नची हाक परत येते, या वेळी सी मेजरमध्ये, म्हणजे मूळ षड्जावर शुद्ध गंधार घेऊन. बीथोवनने ती बसूनला (खालच्या सुराच्या लाकडी फुंकवाद्याला) दिली. त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या कळा) नव्हते. नळीचे स्वयंभू स्वरच सहज निघत, आणि ई फ्लॅटच्या हॉर्नवर ही ओळ नीट वाजली नसती. आज काही संचालक ती हॉर्नकडूनच वाजवून घेतात. बसूनचा कोरडा नाद मला जास्त भिडतो.

शुद्ध गंधार टिकत नाही. लांबलचक कोडा (शेवटचा समारोप) पुन्हा कोमल गंधारावर नेऊन हा भाग संपवतो. टाळ्या इथे वाजवू नयेत. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात जाऊन ऐकतानाही चारही भाग होईपर्यंत थांबावे.

दुसऱ्या दिवशी तिसरा आणि चौथा भाग सलग ऐका. ॲपमधले ‘शफल’ बंद करा, कारण दोन्हींच्या मध्ये विराम नाही. टिंपनीवर (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांवर) पुसटशी टकटक चालू राहते, तिच्यावर आवाज चढत जातो, आणि ट्रोंबोन, पिकोलो (छोटी बासरी) व कॉन्ट्राबसून (आणखी खालच्या सुराचा बसून) ही वाद्ये या सिंफनीत पहिल्यांदाच वाजू लागतात. त्या क्षणी तंबोरा पांढरी एकवर असू द्या: सा, शुद्ध ग, प.