जास्त भरलेली कस्टम ड्युटी परत मिळाली

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीसाठी न्हावाशेवाहून मशीनचा सुटा भाग आला, त्यावर चुकीच्या दरानं जास्त ड्युटी भरली गेली. पैसे आमचं कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाच्या खात्यातून गेलेले, म्हणून रिफंडवर हक्क त्याचाच असं मी धरून चाललो होतो. पण कस्टम्स कायदा १९६२, कलम २७ प्रमाणे ड्युटी भरणारा किंवा तिचा बोजा सोसणारा, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो. मुदत सहसा एक वर्ष.

आधी त्याच कायद्याच्या कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे दिलेला कागद, दुरुस्त करून घेतलं. खरा घाम पुढं फुटला : बोजा गिऱ्हाइकावर टाकला नाही हे सिद्ध करायचं, नाहीतर पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. आमच्या खतावणीत ती रक्कम पहिल्यापासून ‘येणे’ दाखवलेली होती. त्याच पानावर बोट ठेवून सीएंनी दाखला दिला, आणि रिफंड आमच्या खात्यावर जमा झाला.