पद्मिनीचं इंजिन नवीन बांधलंय? कार्बोरेटर ट्यून करताना या चुका टाळा

इंजिन उतरवलं, बोअर केलं, नवीन पिस्टन-रिंगा पडल्या, हेडचं फेसिंग झालं, गाडी स्टार्ट झाली आणि स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हा) धडधडायला लागली की पहिला स्क्रूड्रायव्हर जातो तो कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर. प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याआधीची फियाट ११०० असेल तर हमखास, कारण १०८९ सीसीच्या त्या इंजिनवर सोलेक्सचा साधा एका बॅरलचा कार्बोरेटर, बाहेरून दोनच स्क्रू दिसतात, मग ज्याला त्याला वाटतं यात काय एवढं. पण नवीन बांधलेल्या इंजिनात कार्बोरेटरच्या नावावर खपणारे निम्मेअधिक प्रॉब्लेम भलतीकडेच असतात असं माझं ठाम मत आहे.

आधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप. टाईट राहिलं असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, स्लो हलतो, कधी कार्बोरेटरमधून ठसका येतो आणि आपण म्हणतो लीन झालीय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग डेल्को, म्हणजे प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर. इंजिन जोडताना तो एक दात इकडेतिकडे बसलेला असतो, किंवा वायरी १-३-४-२ च्या क्रमाने नसतात, किंवा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने ठिणगी आधी पाडणारा भाग) डायफ्रॅम, म्हणजे पडदा, फाटलेला असतो. शेवटचं तपासायला नळी काढून तोंडाने ओढून बघा, ओढ टिकली पाहिजे, नुसती हवा आली तर डायफ्रॅम गेला. डेल्कोतल्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास, टायमिंग लाईट लावून ठिणगीचं टायमिंग, आणि मगच कार्बोरेटर. उलट्या क्रमाने केलंत तर टायमिंग हललं की मिक्श्चर पुन्हा सेट करायचं, आणि हे चक्र संपतच नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते हवा घेण्यात, म्हणजे जोडातून नको ती हवा आत जाते तिथे. कार्बोरेटरची बॉडी मऊ धातूची, आणि खालचे दोन नट आपल्याकडे जीव खाऊन आवळले जातात, मग फ्लँज (तळाची चपटी कडा) वाकतो, मध्ये उंच आणि कानाला खाली. त्यावर कितीही जाड पॅकिंग टाका, वर सिलिकॉन फासा (हे तर अजिबात करू नका, त्याचे तुकडे आत जातात), हवा घ्यायची ती घेणारच. कार्बोरेटर काढून त्याचा फ्लँज सपाट काचेवर ठेवा, खालून फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) जातोय का बघा, जात असेल तर काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट करा. आणि थ्रॉटलचा शाफ्ट (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची दांडी) बोटाने हलवा. तिथे खेळ असेल तर बुश टाकल्याशिवाय स्लो कधीच एका जागी थांबणार नाही, एकदा ८०० आरपीएमवर, एकदा १२०० वर, आणि तुम्ही स्क्रू फिरवत बसाल. इंजिनवर चार पैसे जास्त खर्च केलेले लोक इथे मात्र जुनाच झिजलेला कार्बोरेटर पुसून परत लावतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आता स्क्रू. खालच्या बाजूचा मिक्श्चर स्क्रू आत घेतला की लीन, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. बाईकची सवय असलेले मेकॅनिक इथे उलटं करतात, कारण बऱ्याच बाईकना एअर स्क्रू असतो आणि तो आत घेतला की रिच होतं. आत घेताना तळाला टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, नाहीतर टोकाला खाच पडते आणि मग तो स्क्रू कामातून गेला. टेकलेल्या जागेपासून साधारण दीड फेरा बाहेर काढून सुरुवात करा, इंजिन पूर्ण गरम, चोकचा नॉब पूर्ण आत (म्हणजे चोक बंद), आणि एअर फिल्टर लावलेला. फिल्टर काढून सेट केलेली गाडी फिल्टर लावला की रिच होते, तरी निम्मी गॅरेजं तसंच करतात. दुसऱ्या स्क्रूने स्लो जरा वाढवा, मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं कुठे चालतं ते शोधा, मग स्लो खाली आणा. डॅशबोर्डवर आरपीएम मीटर नाही, म्हणून साधा टॅकोमीटर जोडून घ्या, कान फसवतो.

काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळेकुट्ट, तरी मिक्श्चर स्क्रूने फरक पडत नसेल तर फ्लोटकडे जा, म्हणजे आतली पेट्रोलची लेव्हल राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्हखाली (पेट्रोल आत सोडणारी झडप) वॉशर असतो, त्याच्या जाडीवर पेट्रोलची लेव्हल ठरते, आणि किट (सुट्या भागांचा संच) बदलताना जुना वॉशर तसाच राहून वर नवीन पडतो किंवा एकही पडत नाही. चोकची केबलही बघा, नॉब आत गेला तरी कार्बोरेटरवरची लिव्हर पूर्ण परत येतेच असं नाही.

जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, तारेने साफ करू नका! त्यावरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, ११५ म्हणजे १.१५ मिमी, तारेने दोन ओरखडे पडले तरी आकडा खोटा ठरतो. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बस्स. पुण्याच्या नाना पेठेतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून आणलेल्या किटमधले जेट छापील आकड्याचेच असतील यावर भरवसा ठेवू नका, जुने मूळचे जेट फेकू नका.

आता पेट्रोल E२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) झालंय, त्याचा हिशोब धरा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर गाडी लीन चालते, मेन जेट एक साईज वर न्यावा लागू शकतो. जुन्या रबराचा पंप डायफ्रॅम आणि नळ्या त्यात फुगतात किंवा कडक होतात, तेव्हा इंजिनबरोबर त्याही बदला. कार्बोरेटरवरच्या ॲक्सिलरेटर पंपचा (पाय दाबताच जादा पेट्रोल मारणारा) डायफ्रॅम गेला तर पाय दाबताच गाडी क्षणभर गप्प होते, ते मिक्श्चरने जाणार नाही.

मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गरम होऊन बंद पडली तर तिथे उभं राहून स्क्रू फिरवू नका. पेट्रोलची वाफ धरलेली असते, फ्युएल पंपवर ओलं फडकं टाका, जरा थांबा, सुरू होईल. आणि मुंबईत सेट केलेली गाडी महाबळेश्वरला थोडी रिच वाटणारच, तिथली हवाच विरळ, खाली आलात की ठीक होते. रनिंग, म्हणजे नवीन इंजिन रुळायचा काळ, संपेपर्यंत तर फायनल सेटिंगचा हट्टच नको. रिंगा बसायच्या असतात, इंजिन जड असतं, सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर हेड परत टाईट करून टॅपेट बघायचेच आहेत, तेव्हा मिक्श्चर पुन्हा एकदा बघायचं.