एमबीएला सामाजिक जबाबदारी शिकवताना या चुका टाळा

शाश्वत विकास, व्यावसायिक नीतिमत्ता, सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) हे शब्द एमबीएच्या अभ्यासक्रमात आता रुळले आहेत. जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने २००७ साली पुढे आली. तरीही बेळगावात शिकवताना मला वारंवार दिसते, की पोरे या विषयात चांगले गुण मिळवतात, पण त्यांचा हिशेब करण्याचा मार्ग तसूभरही बदलत नाही. कुठे अडते, ते सांगतो.

एक तास मूल्यांचा, बाकीचे तास त्याच्या उलट

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मीही बरीच वर्षे केली. खेळते भांडवल शिकवताना मी फळ्यावर लिहायचो: देणी जितकी लांबवाल, तितकी रोकड हातात राहील. एकदा तास संपल्यावर हुक्केरीकडची एक विद्यार्थिनी टेबलाशी आली. "सर, म्हणजे कारखान्यानं आमच्या बाबांचं उसाचं बिल थकवलंय, ते बरोबरच म्हणायचं का?" तिच्या वहीत माझेच वाक्य होते, खाली दोन रेघा मारलेले. मला उत्तर सुचले नाही.

खरे तर उत्तर कायद्यातच आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे वर्षाला १५ टक्के व्याज. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाऊंड्रीचे (ओतकाम कारखान्याचे) ओतीव भाग मशीनवर घासून-कापून देणाऱ्या छोट्या नोंदणीकृत वर्कशॉपलाही २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण आहे. करारात काहीही लिहा, त्यांचे पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. मी मात्र हे सगळे 'कायदा' या विषयाच्या शिक्षकांवर सोडून मोकळा झालो होतो.

आता तेच गणित मी दोनदा सोडवून घेतो. आधी कारखान्याच्या ताळेबंदावरून, मग ऊसवाल्याच्या घरातून: सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, तोडणीच्या टोळीला वर द्यावे लागलेले पैसे. बिल दोन महिने लांबले, तर व्याज कोणाच्या खिशातून गेले? चिकोडी, गोकाक, अथणीची पोरे हे आकडे घरी विचारून आणतात. त्या दिवशी वर्गात कुणी मोबाईल काढत नाही.

दोन टक्के दिले की जबाबदारी संपली, असा समज

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायचे, हे सर्वांना पाठ असते. पण ते लागू होतात ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, किंवा त्याहून जास्त, असलेल्या कंपन्यांना. आमच्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांना ते लागूच नाहीत, आणि पोरे त्यावरून निष्कर्ष काढतात की त्यांना सामाजिक जबाबदारीच नाही. दुसरे म्हणजे, नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च सीएसआरमध्ये धरताच येत नाही. म्हणून फाऊंड्रीचा विषय निघाला, की मी शाळेला दिलेल्या बाकांबद्दल विचारत नाही. साच्यांची वापरलेली वाळू कुठे टाकता आणि फेटलिंगच्या (ओतीव भागाच्या खडबडीत कडा घासण्याच्या) धुळीत काम करणाऱ्याच्या तोंडावर मास्क कसला आहे, हे विचारायला लावतो.

घरातली मजुरी शून्य धरणे

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि वाद झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. मार्केटिंगला इतकी चांगली केस घराजवळ सापडणार नाही. पण ती ब्रँड आणि किंमत यांवरच संपवू नका. अथणीच्या एका जोडीचा खर्च काढायला सांगितला, की चामडे, दोरा, कारागिराची मजुरी असे सगळे लिहिले जाते. चपलेवरची चामड्याची वेणी घालणारी त्याची बायको मात्र कागदावर नसते. तिचे तास मोजा आणि बाजारात मिळणारी किंमत पुन्हा पडताळा. नफा राहतो का, हे तेव्हाच कळते.

साहेबासमोर प्रश्नावली भरून घेणे

इंग्रजीत 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' असे पाच रकाने, शेजारी सुपरवायझर उभा. कामगार सगळीकडे 'चांगलं आहे' म्हणतो. त्यापेक्षा शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बोला, समोरचा बोलेल त्याप्रमाणे मराठीत किंवा कन्नडमध्ये. आपल्या पोरांना दोन्ही भाषा येतात, याचा उपयोग इथे नाही करायचा तर कुठे?

वृक्षारोपणाच्या फोटोंबद्दल फार लिहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, त्याचे नाव ठरले नसेल तर खड्डेच काढू नका.

परीक्षेतही 'सीएसआरची व्याख्या लिहा' हा प्रश्न मी बंद केला. आता ताळेबंद देतो आणि विचारतो: यातला कोणता आकडा दुसऱ्याच्या घरखर्चातून आला आहे?