वर्गात मोबाईल वापरताय? या चुका टाळा

नवे शिक्षक हौसेने मोबाईल, प्रोजेक्टर घेऊन वर्गात जातात, याचा मला आनंदच आहे. पण दरवर्षी जूनमध्ये तेच घोळ दिसतात, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात महागात पडतं ते तासाला नेट चालेलच असं धरून चालणं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायचा वार गुरुवार, हे पोरांनाही पाठ असतं. तरी मी एका गुरुवारी सातवीला विद्युत परिपथ शिकवायला यूट्यूबच्या भरवशावर गेले. लाईट गेली, प्रोजेक्टर आणि वायफाय दोन्ही बंद. फोनवर व्हिडिओ लावला तर चक्र फिरत राहिलं. ४५ मुलं एका फोनभोवती. मागच्यांना काहीच दिसेना. ३५ मिनिटांच्या तासातली २० तिथेच गेली.

तेव्हापासून आदल्या रात्री सगळं डाउनलोड करून घेते आणि एअरप्लेन मोड लावून एकदा चालवून बघते. लॅपटॉपही रात्रीच चार्ज. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, मराठीतही आहेत. फाईल डाउनलोड केली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. पण त्याआधी कपाटातले सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब बाहेर काढते. मुलांनी बल्ब आधी हाताने पेटवावा, मग स्क्रीनवर इलेक्ट्रॉन वाहताना बघावेत. उलटं केलं की मुलं नुसती बटणं दाबतात, आणि वायर सुटल्यावर बल्ब का विझला ते सांगता येत नाही.

दुसरी चूक व्हॉट्सअॅपवरच्या गृहपाठाची. घरात फोन असणं वेगळं, मुलीच्या हाती असणं वेगळं. माझ्या वर्गातल्या एकीचे बाबा चाकणला सेकंड शिफ्टला होते. ते मध्यरात्रीनंतर घरी आले की ती उठून त्यांच्या फोनवरून गृहपाठ उतरवून घ्यायची. वर्गात पेंगते म्हणून मी महिनाभर तिला रागावत होते. तिच्या आईने सांगितलं तेव्हा कळलं. अजून वाईट वाटतं. आता गृहपाठ फळ्यावर आणि वहीत, ग्रुपवर फक्त सूचना. जूनमध्येच कोणाच्या घरी फोन किती वाजता येतो, ते विचारून लिहून ठेवते.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात पहिल्यांदा स्कॅन करू नका; आत काय आहे ते घरी बघून या. मुलांचे फोटो ग्रुपवर नकोत. चॅटजीपीटीकडून प्रश्नपत्रिका काढलीत तर प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका. चुकीची उत्तरसूची तशीच वाटून मोकळं होणं मला अजिबात खपत नाही. पाच मिनिटं वाचतात, मुलाच्या डोक्यातली चूक मात्र वर्षभर निघत नाही.

आणि प्रत्येक मुलाकडे फोन हवाच असं नाही. प्लिकर्स नावाच्या अॅपमध्ये मुलांच्या हाती फक्त छापील कार्ड असतं. कार्डाची जी बाजू वर धरली तो पर्याय, आणि शिक्षकाच्या एकाच फोनचा कॅमेरा सगळ्यांची उत्तरं टिपतो. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलंत तर ट्यूबलाइटच्या उजेडात ती नीट स्कॅन होत नाहीत.