जुन्या मिनीचा फॅन बेल्ट बदलताना या चुका टाळा

अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्यांनी 1959 च्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवे बसवले, त्यामुळे जेमतेम दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे नीट बसू शकली. मात्र बॉनेटखाली हात घालायला जागा उरली नाही. या गाडीचा रेडिएटर समोरच्या जाळीमागे नसून डाव्या बाजूला, चाकावरच्या पत्र्याला लागून असतो, आणि पंख्याची पाती व त्याभोवतीचे पत्र्याचे आच्छादन यांच्यात अगदी थोडी फट असते. इंजिनाच्या जोरावर पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) फिरवणारा फॅन बेल्ट बदलताना नवा बेल्ट याच फटीतून न्यावा लागतो. (1996 च्या अखेरीस रेडिएटर पुढे नेण्यात आला, त्या गाड्यांची रचना वेगळी असल्याने त्यांना हे विवेचन लागू नाही.)

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बेल्ट जोर लावून चढवणे. अल्टरनेटर पुरेसा आत सरकत नाही असे दिसले की पुष्कळ जण स्क्रू-ड्रायव्हर पुलीच्या काठावर टेकवून बेल्ट उचकटतात. त्यात बेल्टच्या आतील दोरे तुटतात, पुलीचा काठ वाकतो आणि नवा बेल्ट थोड्याच दिवसांत तुटतो. अल्टरनेटर अडण्याचे कारण बहुधा एकच असते: खालच्या खाचेच्या पट्टीचा एकच बोल्ट सैल केलेला असतो. वरचे दोन्ही बोल्ट आणि त्या पट्टीचे दोन्ही टोकांचे बोल्ट सैल केले, तर तो हाताने इंजिनाकडे सरकतो आणि बेल्ट नुसत्या बोटांनी बसतो. ज्या पायरीवर जोर लावावासा वाटतो, तिच्या आधीची पायरी अपुरी राहिली आहे असे निश्चित समजावे.

बेल्ट पंख्यावरून नेण्यासाठी रेडिएटर काढण्याची गरज नसते. जुना बेल्ट पुल्यांवरून उतरवला की पंखा हाताने मोकळा फिरतो, आणि हीच आपली सोय आहे. आच्छादनाच्या वरच्या कडेला जिथे फट सर्वांत रुंद दिसते तिथे बेल्ट एका पात्यावरून आत घालावा, पंखा थोडा फिरवावा, मग पुढच्या पात्यावरून घालावा, आणि असे करत सगळी पाती पार करावीत. नंतर तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) खालच्या पुलीवर, मग वॉटर पंपाच्या पुलीवर आणि शेवटी अल्टरनेटरवर चढवावा. या वेळी इंजिन पूर्ण थंड असावे आणि डिकीतील बॅटरीची तार काढलेली असावी, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही वीज असते.

पान्यांबाबतही काळजी घ्यावी. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर 13 मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो थोडा सैल असतो आणि अडचणीच्या जागी बोल्टचे कोपरे झिजवून टाकतो.

ताण देताना बहुतेकांची चूक घट्टपणाकडे झुकते. सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सुमारे 13 मिलिमीटर हलला पाहिजे. याहून घट्ट बेल्टचा भार वॉटर पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर पडतो, आणि बेल्टपेक्षा पंप बदलणे कितीतरी त्रासाचे असते. ताण देण्यासाठी दांडा लावावाच लागला तर तो लाकडी असावा आणि अल्टरनेटरच्या पुलीकडील कवचावरच टेकवावा, कारण मागील कवच सहज तडकते.

नवा बेल्टही चीत्कारत असेल, तर ताण वाढवण्याआधी पुल्या पाहाव्यात. व्ही आकाराचा बेल्ट खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो. खाचेचा तळ चकचकीत झाला असेल, तर बेल्ट अरुंद आहे किंवा पुली झिजली आहे. बेल्टवर तेलाचा ओलावा असल्यास क्रँक पुलीच्या मागचे ऑइल सील (तेल अडवणारी कडी) तपासावे. सिलिंडर हेड आणि पंप यांना जोडणारा आखूड बायपास होज (रबरी नळी) गळत असेल, तर त्याचे पाणीही इथेच येते. डायनॅमोच्या (जुन्या पद्धतीच्या वीज-यंत्राच्या) जागी अल्टरनेटर बसवलेल्या जुन्या गाड्या खूप आहेत, म्हणून बेल्ट घेताना गाडीच्या सालावर न विसंबता जुन्या बेल्टची लांबी-रुंदी जुळवून पाहावी.

चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा अचानक लागला, तर तो फक्त बॅटरीचा प्रश्न मानू नये. बेल्ट तुटलेला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही थांबलेले असतात. इंजिन तत्काळ बंद करावे. व्हॉल्व्हची वेळ मात्र वेगळ्या साखळीवर अवलंबून असल्याने, लगेच थांबल्यास इंजिनाच्या आत काही बिघडत नाही.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो. साधारण 400 किलोमीटर चालवल्यावर इंजिन थंड असताना ताण पुन्हा मोजावा आणि चारही बोल्ट पुन्हा तपासावेत.