मराठवाड्यातून कोकणात: वल्ह्याच्या होडीने खाडीची एक दिवसाची सहल

गोदावरीकाठच्या माणसाला नदी एकाच दिशेने वाहताना बघायची सवय. कोकणच्या खाडीत पाणी साधारण सव्वासहा तासांनी उलटतं, म्हणून सहलीचा दिवस पंचांग बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला दुपारी तीन, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा स्थानिक कोळ्यांना विचारून पक्की करा.

साडेनऊला मुखाकडून निघा, पाणीच वर नेईल. तीनला मात्र परत फिरायचंच. जेवणात रेंगाळलात तर फसाल, कारण ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासातच जवळपास निम्मं पाणी उतरतं आणि होडी चिखलात बसते. तेव्हा खाली उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वजन खोल पाण्याच्या बाजूला सरकवा आणि वल्ह्याने रेटा.

धक्क्याला होडी तटतटून बांधू नका. पाणी उतरलं की ती दोरावर लटकते, नाहीतर कलंडते. दोर भरपूर सैल सोडा. नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या पाचपट हवा.

लाइफ जॅकेट अंगात, डब्यात नको. खाडीचं पाणी खारट, म्हणून माणशी तीन लिटर पाणी घ्या. पावसाळ्यात जाऊच नका.