डिझेल ट्रकच्या इंजिन ऑइलमध्ये पाणी उतरल्यास: हेड खोलण्याआधीची तपासणी आणि त्यानंतरची दुरुस्ती

ऑइल न भरताच डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली, पट्टीवर दुधाळ चहाच्या रंगाचा घट्ट फेस आला आणि बाहेर कुठेही थेंब न गळता रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर ते पाणी, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये उतरत आहे असे धरून गाडी तिथेच उभी करावी. कापसाच्या हंगामात भरलेली गाडी हिंगणघाट किंवा वणीच्या जिनिंगला पोहोचवायची असते, तेव्हा ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो’ असे चालकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही, आणि गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि ब्लॉक यांमधल्या सांधपट्टीच्या, खर्चात सुटणारे काम क्रँक घासण्यापर्यंत जाते. अशी गाडी टोचन लावूनच न्यावी. पाणी सिलिंडरमध्येही साचले असण्याची शक्यता असल्यामुळे सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावे; ते मध्येच अडले तर जोर न करता इंजेक्टर काढावेत, अन्यथा कनेक्टिंग रॉड वाकतो.

पावसाळ्यात, किंवा गाडी जवळच्या जवळच फिरत असताना, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस जमतो. तो बहुधा हवेतल्या ओलाव्याचा असतो. खात्री करण्यासाठी गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी, इंजिन सुरू न करता, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) तळाचा बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते आधी बाहेर येते. ते ऑइलमध्ये पूर्ण घुसळले गेले असेल तर असे वेगळे होत नाही. तेव्हा ऑइलचे दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाकावेत, पाणी असेल तर ते तडतडतात. तवा धूर येईल इतका तापवू नये आणि ही चाचणी डिझेलच्या डब्यांपासून दूर करावी.

येथपर्यंतचे काम कोणताही चांगला मिस्त्री करतो. चूक होते ती पुढच्या पायरीवर, कारण ऑइलमध्ये पाणी म्हटले की ‘हेड गॅस्केट गेले’ असे ठरवून लगेच हेड उतरवले जाते. पाणी ऑइलपर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत: ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग), हेड गॅस्केट, तडकलेले हेड किंवा ब्लॉक, ओल्या लायनरचे (सिलिंडरच्या, बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या नळीचे) ओ-रिंग म्हणजे रबरी कडी, लायनरला पडलेले बारीक छिद्र आणि पाण्याने थंड होणारा ब्रेकचा एअर कंप्रेसर. यांतले काही हेडला हात न लावता तपासता येतात, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावर झाकण उघडून आत पाहावे. पाण्यावर ऑइलचा तवंग किंवा काळपट लोणी जमले असेल, तर पहिला संशय ऑइल कूलरवर घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे फुटलेल्या कूलरमधून ऑइल पाण्यात जाते; इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या पाण्याचा दाब काही वेळ टिकून राहतो आणि प्रवाह उलटतो. याउलट रेडिएटरमध्ये ऑइल नाही, पण थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येतात आणि होज लगेच टणक होतात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे, म्हणजे दोष गॅस्केटचा किंवा हेडच्या तडीचा आहे. ऑइलही नाही आणि बुडबुडेही नाहीत, तर लायनरचे ओ-रिंग किंवा कंप्रेसर यांचा विचार करावा. कंप्रेसरची खूण सोपी आहे: हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर कूलंटच्या रंगाचे पाणी येते.

या खुणा केवळ दिशा दाखवतात. निर्णय दाबाच्या चाचणीवर घ्यावा. चेंबर उतरवून रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा टेस्टर लावावा आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब देऊन खालून बॅटरीच्या उजेडात पाहत राहावे. लायनरच्या बाहेरच्या कडेने थेंब उतरत असेल तर ओ-रिंग गेले आहेत. सिलिंडरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने येत असेल तर गॅस्केट, हेडची तड किंवा लायनरचे छिद्र यांपैकी एक आहे. कंप्रेसरच्या बाजूने येत असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या सोडवून, इंजिनाकडची तोंडे बंद करून, चाचणी पुन्हा घ्यावी. गळती थांबली की दोषी सापडला. काहीच न दिसल्यास दाब रात्रभर ठेवावा, कारण बारीक तड लगेच बोलत नाही. इंजिनाची रचनाही आधी माहीत असावी. उदाहरणार्थ, कमिन्स कंपनीच्या बी-मालिकेतल्या ५.९ लिटरच्या मूळ इंजिनात वेगळे लायनर नसतात, त्यामुळे तिथे ओ-रिंगचा प्रश्नच येत नाही, आणि कूलर ब्लॉकच्या बाजूच्या खोबणीत ऑइल फिल्टरच्या आधारामागे बसवलेला असतो.

कूलर काढल्यावर त्याची ऑइलची तोंडे बंद करून, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाने हवा भरून तो कोमट पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले तर झाळण्याच्या भानगडीत पडू नये. झाळलेला कूलर पुन्हा फुटतो, नवाच बसवावा.

हेड उतरवण्याची वेळ आलीच, तर ते थंड इंजिनावर, आवळण्याच्या क्रमाच्या उलट क्रमाने, टप्प्याटप्प्याने सैल करावे. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून हेडचा व ब्लॉकचा सपाटपणा तपासावा आणि हेड यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूरच्या मशीन शॉपमध्ये गरम पाण्यातल्या दाबाच्या चाचणीसाठी पाठवावे, कारण थंड असताना मिटलेली तड तापल्यावर उघडते. दरम्यान ब्लॉकच्या पृष्ठभागावर लायनर किती वर राहतो हे डायल गेजने प्रत्येक सिलिंडरला मोजावे. शेजारच्या लायनरांत फरक राहिला तर महागातले गॅस्केटही काही महिन्यांत जाते. खेडोपाडीच्या गॅरेजमध्ये हीच मोजणी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. बोल्टच्या छिद्रांत ऑइल किंवा पाणी राहू देऊ नये, नाहीतर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या टप्प्यांनी आवळावेत. कोन मोजून आवळायचे बोल्ट असतील तर पुस्तिकेत सांगितलेली लांबीची मर्यादा पाहूनच ते पुन्हा वापरावेत.

लायनर काढला असेल तर त्याची पाण्याकडची बाजू नीट न्याहाळावी. तिथे एकाच पट्ट्यात सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर लायनर बदलावा, केवळ ओ-रिंग बदलून भागत नाही. ओ-रिंग बसवण्यापूर्वी ब्लॉकमधली त्यांची बैठक गंज खरवडून स्वच्छ करावी आणि रिंगला पुस्तिकेत सांगितलेलेच वंगण लावावे, कारण काही रबरे ऑइलने फुगतात.

मूळ दोष निघाला तरी काम अर्धेच झालेले असते. चेंबर उतरलेलाच आहे, तर कनेक्टिंग रॉडच्या आणि मेनच्या काही बेअरिंग कॅप उघडून शेल पाहावेत; कूलंटमधले ग्लायकोल त्यांना खाते. नवे फिल्टर आणि योग्य ग्रेडचे ऑइल भरून इंजिन भाराशिवाय पंधरा-वीस मिनिटे चालवावे, ते ऑइल गरम असतानाच काढून टाकावे आणि फिल्टरसह पुन्हा नवे भरावे. इंजिन डिझेलने धुण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे, पण वाहिन्यांत उरलेले डिझेल नव्या ऑइलला पातळ करते. रेडिएटरमध्ये ऑइल गेले असेल तर कमी फेसाच्या डिटर्जंटने तो निवळ पाणी येईपर्यंत धुवावा आणि मऊ पडलेले होज बदलावेत. काढलेले कूलंट नाल्यात किंवा धुऱ्यावर ओतू नये. ते गोड लागते आणि शेळ्या, कुत्री ते चाटून मरतात.

उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि रस्त्यातल्या बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे ही रोजची गोष्ट असते. त्या जड पाण्याचे क्षार हेडच्या वाहिन्यांत बसून हेड तापवतात, आणि साध्या पाण्यात संरक्षक द्रव्य नसल्यामुळे लायनरला खड्डे पडतात. कंपनीने सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात सम प्रमाणात मिसळून भरावे, तयार मिश्रणाचा एक कॅन केबिनमध्ये ठेवावा, आणि पहिले काही दिवस रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक व रेडिएटरची पातळी दोन्ही पाहून लिहून ठेवावी.